सी विंगचं आग्या मोहोळ

गेल्या वर्षी आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले रात्री फवारा मारून गेले आणि सकाळी सफाईच्या मावशींनी मेलेल्या मधमाशा सुपलीने भरून नेल्या. तेव्हा मी गप्प बसले. ते वर्षभर टोचत राहिलं. म्हणून या फेब्रुवारीत सी विंगच्या पाचव्या मजल्यावरच्या छज्जाला पुन्हा आग्या मोहोळ लागलं, त्याच दिवशी सेक्रेटरींकडे अर्ज दिला, की या वेळी फवारा नको.

मला वाटत होतं, कोणीतरी येऊन पोळं पेटीत घालून नेईल. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत शिकलेल्या एका मधपाळांनी समजावलं, की पेटीत राहते ती सातेरी. ती ढोलीत, अंधारात, शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, ती पेटीत टिकत नाही. पण पावसाच्या तोंडावर आपणहून जागा सोडते. म्हणजे हलवायचं काहीच नव्हतं, चार महिने सांभाळायचं होतं.

सभेत पाचव्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. "अगं, रोज रात्री घरात वीस-पंचवीस माशा पडतात. नातू रांगतोय माझा. त्याला चावली तर?"

त्यांची भीती खरी होती. तिला उत्तर दिल्याशिवाय पोळं राहू देण्यासाठी सह्या मागायला मला जीभ रेटेना. मधपाळ म्हणाले, या माशा रात्री दिव्याकडे ओढल्या जातात. मग पोळ्याजवळचा पॅसेजमधला दिवा बंद केला, काकूंच्या गॅलरीला जाळी बसवली (खर्च आम्ही सात घरांनी वाटून घेतला), अंधार पडला की त्या पडदे ओढू लागल्या. तिसऱ्या दिवशी काकूच सांगत आल्या, "काल दोनच आल्या गं." त्यानंतर सह्यांना दोन संध्याकाळी पुरल्या. पहिली सही काकूंची.

बाकीचं सोपं होतं. पोरांना दगड मारू नका म्हणून बजावलं. माशी अंगावर बसली तर झटकायची नाही, हेही शिकवलं, कारण एकीने डंख मारला की त्या वासाने बाकीच्या धावून येतात. होळी मात्र दरवर्षी सी विंगसमोरच पेटते. धूर थेट पोळ्यावर गेला असता. बरीच वादावादी होऊन ती मागच्या गेटजवळ नेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळीच काकूंचा फोन आला. "अगं, गेल्या बघ सगळ्या!" वर जाऊन पाहिलं तर छज्जाला रिकामं, फिकट पोळं लटकत होतं. काकू म्हणाल्या, "पॅसेजचा दिवा आज लावायचा का?"