चाकातला एक किलो म्हणजे नेमके किती किलो?

गाड्यांच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास सांगतं, "चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा किलो." कुणी चार म्हणतं, कुणी आठ. आकडा आला कुठून हे कुणी विचारत नाही, पण त्याच्या जिवावर महागडी फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेली, हलकी) रिम्स मात्र खपतात. पिकअपपुरतं, म्हणजे गाडीने वेग पकडण्यापुरतं, बोलायचं तर हा आकडा दोनच्या वर जाऊच शकत नाही.

चाक एकाच वेळी दोन कामं करतं. गाडीबरोबर पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतं. टायरच्या अगदी बाहेरच्या कडेचं रबर आसाभोवती गाडीच्याच वेगाने फिरत असतं, म्हणून त्याला पुढे न्यायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच फिरवायलाही लागते. एक आणि एक दोन, संपला विषय. वजन मध्याकडे सरकलं की हा दुसरा 'एक' झपाट्याने घटतो, कारण तो अंतराच्या वर्गावर अवलंबून असतो. ढोबळमानाने टायरमधला एक किलो १.८ किलोसारखा वागतो, १७ इंची रिममधला १.३ किलोसारखा. व्हील नटमधला? एकाला एकच, फारतर चिमूटभर जास्त. रंगीत अ‍ॅल्युमिनियम नट घेऊन 'रोटेशनल वेट' वाचवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ते नट रोजच्या गाडीत आटे खातात, ते वेगळंच.

उदाहरणाला माझदाची एमएक्स-५ ही छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊ, एनडी पिढीची, २ लिटर, १८४ पीएस. ड्रायव्हरसकट साधारण ११०० किलो, ०-१०० ला ६.५ सेकंद. दर चाकामागे तीन किलो वाचवले, दोन रिममधून आणि एक टायरमधून. दोन गुणिले १.३ अधिक १.८, म्हणजे ४.४. चार चाकांचे १७.६ किलो. एकूण वजनाच्या दीड टक्क्याच्या थोडं वर. वेळेत दहावा भाग सेकंद, तोही सगळं मनासारखं जुळलं तर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन आणि त्याला जोडलेल्या जड फ्लायव्हील चकतीचं स्वतःचं जडत्वच इतकं असतं की प्रत्यक्षात फायदा याहूनही कमी भरतो.

मग हलकी चाकं टाकल्यावर गाडी "उडायला लागली" असं वाटतं ते कशामुळे? बऱ्याचदा व्यास बदललेला असतो. १७ इंची रिमवरच्या २०५/४५ आर१७ मापाच्या टायरचा व्यास ६१६ मिलिमीटर, १६ इंची रिमवरच्या १९५/५० आर१६ चा ६०१. चाक २.४ टक्के लहान झालं की प्रत्येक गिअर तेवढाच आखूड होतो आणि रस्त्यावरचा जोर अडीच टक्क्यांनी वाढतो. तीन-तीन किलो वाचवून मिळालं त्यापेक्षा जास्त, आणि तेही फुकटात! स्पीडोमीटर १७ इंचीसाठी लावलेला असेल तर काटाही तेवढा पुढे पळतो, त्याने आनंदात भर. १८ इंची बसवणाऱ्यांच्या वाट्याला यातलं बहुतेक सगळं उलटं येतं.

पैसे खरे वसूल होतात ते स्प्रिंगच्या खालच्या वजनात. चाक, टायर, डिस्क, कॅलिपर, हब आणि आर्म्सचा अर्धा भाग मिळून एका कोपऱ्यात समजा ३५ किलो. त्यातले तीन गेले म्हणजे साडेआठ टक्के. खाचखळग्यावर चाक वर उडतं, त्याला पुन्हा खाली दाबायचं काम स्प्रिंग आणि डँपरचं (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं). चाक टेकेपर्यंत टायरवरचा भार कमी, म्हणजे पकडही कमी. जड चाक डँपरला आवरत नाही. वळणात मधेच पॅच लागला की मागची बाजू टकटक करत बाहेर सरकते, ती यामुळेच. गुळगुळीत ट्रॅकवर हा फरक जवळपास कळत नाही. घाटात, ठिगळं लावलेल्या डांबरावर, स्टिअरिंग हातात असणाऱ्याला पहिल्या दोन वळणांत कळतो. ब्रेकिंगच्या अंतरात फार फरक शोधू नका, तिथे मर्यादा टायरच्या पकडीची असते.

एक गंमत सगळ्यांच्या नजरेतून सुटते. २०५/४५ आर१७ च्या नव्या टायरचा ट्रेड (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची खोली) ७ मिलिमीटर असेल आणि तो झिजून २ वर आला, तर त्या एका टायरचं साधारण सव्वा ते दीड किलो रबर रस्त्यावर गेलेलं असतं. तेही सगळ्यात बाहेरचं, १.८ च्याही वरच्या भावाचं. म्हणून जुन्या रिमवर घासलेले टायर आणि नव्या रिमवर कोरे टायर अशी तुलना करून काढलेल्या निष्कर्षाला अर्थ नाही. आणि एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये किलो-दीड किलोचा फरक सहज असतो. पण केवळ हलका म्हणून इंधन वाचवणारा कडक टायर स्पोर्ट्स कारला घालणं हा शुद्ध वेडेपणा. चिकट कंपाउंडचा टायर किलोभर जड असला तरी वळणात त्याला मागे टाकणारच.

कॅटलॉगच्या वजनावर विसंबू नका. छापलेला आकडा पुष्कळदा त्या मालिकेतल्या सर्वांत हलक्या मापाचा असतो. रेज या जपानी रिम कंपनीच्या टीई३७ या नावातला ३७ म्हणजे ३.७ किलो, पण ते वजन १५ गुणिले ६ इंची रिमचं. १७ इंचीकडून ती अपेक्षा करू नये. प्रवासी बॅग तोलायचा हूकवाला डिजिटल काटा घ्या, रिमच्या मधल्या भोकातून पट्टा ओवा आणि लटकवून तोला. टायरही वेगळा तोला.

हलकं रिम घेताना आधी त्यावरचा कमाल भार वाचा. एका रिमला जड अ‍ॅक्सलच्या कमाल भाराचा निम्मा तरी पेलला पाहिजे. जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्का कंपनी स्वतःच मारते, व्हीआयए या दुसऱ्या शिक्क्यासाठी नोंदणी करावी लागते, म्हणून दोन्ही शोधा. स्वस्त कास्ट रिममधून वजन काढलेलं असेल तर ते बहुधा बॅरलच्या (टायर ज्यावर बसतो त्या गोल पट्ट्याच्या) जाडीतून काढलेलं असतं, आणि पावसाळ्यातला पाण्याने भरलेला खड्डा नेमका तिथेच आतली कड वाकवतो किंवा तडा देतो. रस्ते असे असतील तर फ्लो फॉर्म्ड रिम (ओतीव, पण बॅरल रोलरने दाबून ताणलेलं) आणि टायरची थोडी उंच साइडवॉल हा शहाणा मधला मार्ग.

बसवताना एमएक्स-५ चा हब, म्हणजे रिमच्या मधल्या भोकात बसणारा भाग, ५४.१ मिलिमीटरचा आहे हे विसरू नका. रिमचं भोक मोठं असेल तर मधे रिंग लागते. ती नसली की ९०-११० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस तीनदा बॅलन्सिंग करून येतो. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी रिंग अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी, प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने वितळू शकते. नटची बसायची बाजू रिमच्या कोनाशी जुळते का ते बघा, इम्पॅक्ट गन लांब ठेवा, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरालाच आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि ८०-१०० किलोमीटरनंतर गार चाकांवर पुन्हा तपासा.