दोन डबे भाजणी

काकूंनी माझ्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यातल्या टेबलावर स्टीलचे दोन डबे ठेवले, झाकणं काढली आणि म्हणाल्या, ‘‘यातली करपलेली कोणती, सांगा बरं.’’

दोन्हींत चकलीची भाजणी होती. रंगात उन्नीस-बीसचा फरक. मी वाकून हुंगलं. उजवीकडची खमंग होती, डावीकडच्या डब्यातली उडदाची डाळ जळली होती. कळायला एक श्वास पुरला.

‘‘मला तीस वर्षं असंच कळायचं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आता घड्याळ लावून भाजते, तरी गिऱ्हाइकानं परत पाठवली.’’

काकू इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या. घरगुती फराळ आणि मसाले करून विकतात. दिवाळी झाली आणि त्यांना कोविड झाला. ताप तीन दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. दोन महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी दुर्बिणीनं नाक तपासलं. पॉलिपची गाठ नाही, सूज नाही. ‘येईल हळूहळू’ असं सांगून मी त्यांना घरी पाठवलं. ना वासाचा व्यायाम सांगितला, ना पुढची तारीख दिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ऐकू येईनासं झालेल्या माणसाला मी असं कधीच पाठवलं नसतं.

मार्चमध्ये एका दुपारी गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं. काकू ओट्यापाशीच पोळ्यांची कणीक मळत होत्या. बाहेरून आलेली सून दारातच ओरडली. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. काकूंच्या नाकाला ते असून नसल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सून त्यांना घेऊन आली आणि तेव्हा कुठे आमचे उपचार नीट सुरू झाले.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधून 2009 साली पुढे आलेला वासाचा व्यायाम मी त्यांना दिला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, मन लावून, निदान बारा आठवडे घ्यायचे. सोबत स्टेरॉइड घालून मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. काकूंनी एक दिवस चुकवला नाही. जूनमध्ये वासाची चाचणी घेतली तर 48 पैकी 15 गुण. एवढ्या गुणांना वास नसल्यातच जमा धरतात.

या चाचणीत स्केचपेनसारख्या कांड्या हुंगायला देतात. ती युरोपात तयार झालेली. तिच्यातल्या सोळा ओळखीच्या वासांत चामडं, टर्पेंटाइन आणि मासेही आहेत. ज्या बाईच्या घरात जन्मात मासा शिजला नाही, तिला तो ओळखता आला नाही म्हणून गुण का कापायचे? आपल्याकडे हिंग, कापूर, मोहरीचं तेल असलेली चाचणी हवी, असं मला दर वेळी वाटतं.

त्यानंतर मी प्लाझ्माचा, म्हणजे पेशंटच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव नाकात टोचण्याचा, विषय काढला. कोविडचा विषाणू वासाच्या पेशींभोवतीच्या आधारपेशींवर हल्ला करतो. आधार गेला की वासाच्या पेशीही मरतात. तळाशी असलेल्या मूळपेशी नव्या घडवतात, पण काही जणांत हे काम अडून बसतं. प्लेटलेटमध्ये वाढीला चालना देणारी द्रव्यं असतात, ती नेमकी तिथे पोचवायची, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेत 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 26 जण होते. सगळ्यांचा वास जाऊन सहा ते बारा महिने झालेले. दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन इंजेक्शनं दिली. तीन महिन्यांनी प्लाझ्मा घेतलेल्यांपैकी 57 टक्क्यांना ठळक फायदा दिसला, नुसतं सलाइन टोचलेल्यांपैकी 8 टक्क्यांना. मी काकूंना हेही स्पष्ट सांगितलं, की 26 माणसं म्हणजे फार थोडी, आणि हा उपचार अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. लेखी संमती दोन दिवसांनी घेतली, घरी विचार करून येऊ दिलं.

पहिलं इंजेक्शन जुलैत. दंडातून रक्त काढून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. खाली गडद लाल, वर वरणाच्या निवळीसारखं पिवळं, मध्ये पांढुरकी रेघ. काकू ती नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या. नाकात भुलीच्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या पंधरा मिनिटं ठेवल्या. जागा फार अडचणीची. नाकाचा मधला पडदा आणि बाजूच्या भिंतीवरचं मधलं वळणदार हाड (टर्बिनेट) यांच्यामधली वरची फट, तिच्या छताला चाळणीसारखं पातळ हाड आणि त्यापलीकडे मेंदू. तिथे हात थरथरून चालत नाही. पडद्यावरच्या अस्तराखाली सुई सरकवली तसं ते अस्तर फुगून फिकट झालं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलली नाही. सुनेचा हात मात्र त्यांनी लाल होईपर्यंत आवळून धरला होता.

दुसऱ्या खेपेला नर्सनं दंड पुसला आणि काकू एकदम म्हणाल्या, ‘‘अगं, स्पिरिट! स्पिरिटचा वास आला मला!’’ सून रडायलाच लागली. मला त्या दोघींना थांबवावं लागलं. स्पिरिटचा, अमोनियाचा, कांद्याचा झणका वासाच्या नसेनं जात नाही, तो चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेनं जातो. गुलाबात तो झणका नसतो, म्हणून मी गुलाबाची कांडी पुढे केली. काकूंनी डोळे मिटून तीनदा श्वास घेतला आणि मान हलवली. काही नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या इंजेक्शननंतर तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. ‘‘डॉक्टर, कांदा परतला की जळक्या रबरासारखी घाण येते हो. महालक्ष्म्या तोंडावर आल्या, मी स्वयंपाक कसा करू?’’ त्या रडवेल्या झाल्या होत्या आणि माझ्या जिवात जीव आला होता. वास बिघडलेला का होईना, वासाच्या नसेपर्यंत काहीतरी पोचत होतं. पुढे तो सुधारेलच असं वचन देता येत नाही, तेही मी सांगितलं. तोवर कांद्याची, लसणाची फोडणी सुनेनं करायची आणि काकूंनी गार जेवायचं, असं ठरलं.

ऑक्टोबरमध्ये चाचणी केली तेव्हा 22.75 आले. साडेपाच गुणांची वाढ म्हणजे माणसाला जाणवेल एवढा फरक, आणि काकूंची पावणेआठ झाली होती. पूर्ण बऱ्या नाकाला मात्र तीसच्या वर लागतात. गुलाब त्यांनी दुसऱ्या श्वासाला ओळखला. सगळं श्रेय सुयांना द्यायला माझं मन धजत नाही. त्यांनी व्यायाम सोडला नव्हता, आणि काळानंही काही जणांचा वास परत येतो. पण नऊ महिने ठप्प असलेलं ऑगस्टनंतर हललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सलाइन टोचूनही ते हललं असतं का, हे एका काकूंवरून कळणार नाही. त्यासाठी आपल्याकडे मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात.

या दिवाळीला काकूंनी पुन्हा ऑर्डरी घेतल्या. धने-जिरे त्या स्वतःच्या नाकानं भाजून उतरवतात. उडदाच्या डाळीच्या वेळी सुनेला कढईपाशी उभं करतात आणि ती ‘‘आई, झालं’’ म्हणाली की गॅस बंद करतात.