बीआरझेडला इन्टेक: आवाज हवाय का घोडे?

गाडी सुबारू बीआरझेड, २०१७ ची, मॅन्युअल. राहतो कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ, आणि सध्या डोक्यात इन्टेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाईप आणि फिल्टरचा डबा, बदलायचं खूळ बसलंय. पुण्याचा एक मित्र व्हिडिओ कॉलवर म्हणाला, अरे एक पाईप आणि एक फिल्टर, त्यात एवढं बघायचंय काय, लाव आणि मोकळा हो. बघण्यासारखं बरंच आहे म्हणून हे लिहितोय, कारण या विषयावर जे वाचायला मिळतं ते निम्मं विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं आणि उरलेलं पैसे घालून बसलेल्यांनी, त्यामुळे कोणालाच ‘काही फरक पडला नाही’ असं म्हणायचं नसतं.

आधी हिशोब. इंजिन दोन लिटरचं, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत मिळून दोन लिटर हवा ओढतं. ७००० आरपीएमला झाले मिनिटाला ७००० लिटर, वजनात धरली तर साधारण आठ किलो हवा, दर मिनिटाला! हे ऐकलं की वाटतं त्या प्लॅस्टिकच्या डब्यात बिचारं इंजिन गुदमरत असणार. पण हाच गुणाकार सुबारू आणि टोयोटाच्या इंजिनिअर लोकांनी पण केलेला असतो ना. या गाडीचा कंपनीचा स्नॉर्कल (हवा आत घेणारं तोंड) पुढे ग्रिलमागून, रेडिएटरच्या वरून हवा घेतो, म्हणजे बाहेरची हवा, इंजिनवर तापलेली नाही. ‘कोल्ड एअर इन्टेक’ म्हणून जे विकतात त्यातलं निम्मं काम कंपनीनं आधीच करून ठेवलंय.

आता डबा खरंच हवा अडवतो का, हे कोणाला विचारत बसायची गरज नाही, घरी मोजता येतं. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात वाकवायची, अर्धी पाण्यानं भरायची, एक टोक उघडं आणि दुसरं फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) मधल्या पाईपला. फुल थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, दोन बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक पडेल तेवढी अडचण. दहा सेंटिमीटर म्हणजे साधारण एक किलोपास्कल, म्हणजे हवेच्या दाबाचा साधारण एक टक्का. समजा वीस सेंटिमीटर निघाले तर दोन टक्के, गाडी २०५ हॉर्सपॉवरची, म्हणजे फिल्टर-बिल्टर सगळं काढून फेकून दिलं तरी चारएक घोडे मिळणार, आणि फिल्टर तर काढता येत नाही. मी इथल्या एका मित्राला शेजारी नळी धरून बसवला आणि फ्रीवेच्या रॅम्पवर सेकंड गिअरमधे बघितलं, माझा आकडा वीस सेंटिमीटरच्या आतलाच निघाला. (सेकंडमधे रेडलाईनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत, गेलं तरी ही गाडी फ्रीवेच्या लिमिटच्या आसपासच असते, त्यामुळे टेस्टला सोयीची.) नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फार तर चार-पाच डॉलर.

म्हणजे घोड्यांसाठी इन्टेक घेऊच नये, निदान टर्बो नसलेल्या गाडीला तरी. पण चुकीचा इन्टेक घेतला तर असलेले घोडे जाऊ शकतात, हे कोणी सांगत नाही.

शॉर्ट रॅम बघा. छोटा पाईप, इंजिन बे मधे उघडा कोनिकल फिल्टर, दिसायला एकदम झकास. पण इथे उन्हाळ्यात बाहेर चाळीस डिग्री असतं, सिग्नलला उभं राहिलं की बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. हवा तीन डिग्री तापली की साधारण एक टक्का पातळ होते. वीस डिग्री जास्त गरम हवा घेतली तर सहा-सात टक्के गेले, आणि शिवाय गरम हवेला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ताकद आणखी कमी, ते वेगळंच. पळत्या गाडीत फरक कमी होतो हे खरं, पण मी रोज फ्रीवेच्या ट्रॅफिकमधे असतो, रेसट्रॅकवर नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र पाईपचा तो तुकडा जिथे मॅफ सेन्सर बसतो. मॅफ म्हणजे एक तापलेली तार, हवा जेवढी जास्त वाहते तेवढी ती गार होते आणि त्यावरून ईसीयू हवा किती आली ते ठरवतो. पण सेन्सर मोजतो फक्त त्याच्या समोरून गेलेली हवा, बाकीच्या पाईपमधली तो धरून चालतो. आता समजा मूळ व्यास ७० मिलिमीटर आहे आणि नव्या पाईपचा ७२. दोनच मिलिमीटर, पण क्षेत्रफळ जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढलं, तेवढा तिथला वेग कमी, सेन्सर कमी हवा सांगणार आणि ईसीयू कमी पेट्रोल टाकणार. हळू चालवताना एक्झॉस्टमधल्या ओ-टू (ऑक्सिजन) सेन्सरवरून दुरुस्ती होत राहते, फुल थ्रॉटलला ती दुरुस्ती थांबते आणि खरी भीती तिथेच. या इंजिनचं कॉम्प्रेशन १२.५ ला १, म्हणजे बरंच जास्त, कॅलिफोर्नियात पंपावर ९१ ऑक्टेनच्या वर सहसा काही मिळत नाही, लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) चाललं की नॉक (मिश्रण अवेळी पेटून बसणारा ठोका) आलाच, मग ईसीयू टायमिंग खेचणार आणि गाडी आधीपेक्षा मंद. आणि मालक मात्र आवाज वाढला म्हणून खूश! म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: मॅफच्या जागेचा आतला व्यास मूळचाच आहे का, ट्यूनशिवाय (ईसीयूचं प्रोग्रॅमिंग न बदलता) चालेल का. सरळ उत्तर नाही आलं तर पुढे जा.

फिल्टर तेलाचा का कोरडा, यावर लोक रात्ररात्र भांडतात. धुऊन जास्त तेल लावलं तर ते मॅफच्या तारेवर जाऊन बसू शकतं, मला तेवढी व्यवधानं सांभाळायची नाहीत, मी कोरडा घेणार. विषय संपला.

मग कायदा. इथे कॅलिफोर्नियाच्या व्हेईकल कोडच्या कलम २७१५६ प्रमाणे एमिशनला हात लावणारा पार्ट रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर त्याला कार्बचा (राज्याचं हवा-प्रदूषण बोर्ड) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो, ‘डी’ नं सुरू होणारा. तो कार्बच्या साईटवर शोधता येतो, आणि तुमच्याच मॉडेलसाठी आणि वर्षासाठी आहे ना ते नीट बघा, कारण त्याच ब्रँडच्या दुसऱ्या गाडीचा नंबर इथे उपयोगाचा नाही. नव्या पेट्रोल गाडीला आठ मॉडेल वर्षं स्मॉग चेकची (प्रदूषण तपासणीची) सूट असते, त्यामुळे तोवर कोणाला कळत नाही, पण नंतर टेक्निशियन बॉनेट उघडून बघतो आणि नंबरचा स्टिकर नसेल तर गाडी फेल, धूर कितीही स्वच्छ असो. या एका चाळणीत माझी अर्धी यादी उडाली, आणि उडालेले बरेचसे तेच उघडे, लालभडक, सुंदर पाईप होते.

पुण्याच्या मित्राला मात्र वेगळंच सांगितलं. त्याच्याकडे पोलो आहे आणि त्याला बंपरमागे खाली फिल्टर नेणारा लांब पाईप हवाय. म्हटलं जुलैमधे पाणी साचलेल्या रस्त्यातून जाशील तेव्हा तो फिल्टर सगळ्यात आधी बुडेल, पाणी सिलिंडरमधे गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाईपपेक्षा इंजिनचं बिल भारी पडेल.

आता आवाज. खरं सांगायचं तर मला तोच हवाय. या गाडीत कंपनीनंच इन्टेक पाईपपासून केबिनकडे एक छोटी नळी दिलीय, साऊंड क्रिएटर म्हणतात, इंजिनचा आवाज आत आणायला. (पाण्याची नळी जोडायला मी तीच जागा वापरली.) नव्या २.४ लिटरच्या मॉडेलमधे तर स्पीकरमधूनच आवाज सोडतात. त्यापेक्षा खरा आवाज बरा, आणि त्यासाठी पैसे घालण्यात लाज कसली, फक्त घोड्यांच्या नावाखाली घालू नयेत. मधल्या आरपीएमला या इंजिनचा टॉर्क जो खड्ड्यात जातो त्यावर लोकांचा खरा इलाज नवा हेडर (इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला पाईप) आणि ट्यून आहे, पण मूळ हेडरमधेच धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यामुळे तो काढणं इथे बेकायदा. तो नाद सोडला.

ठरलंय ते असं: बंद डब्याचा इन्टेक, कडेचं रबर बॉनेटला नीट टेकणारं, मॅफचा व्यास मूळचाच, कोरडा फिल्टर, कार्बच्या नंबरचा स्टिकर पार्टसोबत आलेला. जुना एअरबॉक्स गॅरेजमधे ठेवणार, गाडी विकताना लोक तो मागतात. लावायच्या आधी एक आठवडा ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा रीडर) लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमधे करत असलेली दुरुस्ती) आणि इन्टेकचं तापमान लिहून ठेवतोय, नंतर त्याच रस्त्यावर त्याच वेळेला परत. लाँग टर्म ट्रिम आधीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हलली तर रिटर्नची मुदत आहे तोवर परत पाठवणार, आवाज कितीही भारी असला तरी.