तुम्ही विचारलंत म्हणून: पुरानंतर हवासूला जावं का?

पाणी निळं आहे. बहुतेकांना तेवढंच ऐकायचं असतं, म्हणून आधी सांगून टाकते. आम्ही अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला राहतो हे कळलं की फोन येतो: २२ ऑगस्ट २०२४ ला मोठा पूर येऊन गेला, मग ग्रँड कॅन्यनच्या एका दरीतल्या हवासू फॉल्सला, त्या निळ्या धबधब्याला, आता जाण्यात अर्थ आहे का, पाणी पूर्वीसारखं झालं का? जुलै-ऑगस्टला येऊ नका म्हटलं की पुढचा प्रश्नही ठरलेला. "तुम्ही स्वतः जाता की, मग आम्हालाच का नको?"

तो निळा रंग पुरात कायमचा जात नाही. त्याच दरीत सुपाई हे हवासुपाई या मूळनिवासी जमातीचं गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला जमिनीतून झरे फुटतात, त्या पाण्यात चुना विरघळलेला असतो आणि ते बारा महिने साधारण २१ अंशांवर असतं. पूर आला की पठारावरची लाल माती उतरते, ओढा विटकरी होतो. माती वाहून गेली की झऱ्यांचा रंग परत दिसतो. वेळ लागतो तो कुंडांना. तोच चुना थरावर थर धरत पाण्यात बांध घालतो आणि त्या बांधांमागे पायऱ्यापायऱ्यांची कुंडं साठतात. लोंढ्यात बांध फुटले तर पुन्हा जमायला वर्षं जातात.

"फोटोत आहे तसंच दिसेल ना?" फोटो कुठल्या सालचा, यावर आहे ते. १९१० च्या जानेवारीत आलेल्या पुरानं अख्खं गाव वाहून नेलं. त्याआधी हवासूचा धबधबा कड्यावरून कितीतरी रुंद पसरून पडायचा. १७ ऑगस्ट २००८ ला वरचं रेडलँड्स धरण फुटलं, ओढ्यानं नवी वाट काढली, जुना नवाहो फॉल्स कोरडा पडला आणि जवळच दोन नवे धबधबे तयार झाले. तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, आता जाऊ नका, जे होतं ते संपलं. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई गं, तू शोक कशाचा करत होतीस? गावातल्या माणसांचं काय झालं, हे एकदा तरी विचारलंस का? ती म्हणेल, जुना नवाहो मी डोळ्यांनी पाहिलाय, तो आता कुणालाच दिसणार नाही, त्याचं वाईटही वाटू द्यायचं नाही का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण जुलै-ऑगस्टला नको म्हणते ते धबधब्याच्या रूपासाठी नाही. "आम्ही सह्याद्रीतले, आम्हाला पाऊस शिकवू नका," हे मी फार वेळा ऐकलंय. माझे धाकटे दीरही हेच म्हणायचे. साताऱ्याचे, पावसाळ्यात एक रविवार घरी न बसणारे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यांनी तो किस्सा सांगितलेला आहे, आणि त्यात मी घाबरट वहिनी आहे. तर माझ्या बाजूनं ऐका.

जुलै होता. आमचा तंबू हवासू आणि मूनी या दोन धबधब्यांच्या मधल्या कॅम्पच्या जागेत. दुपारी भावोजी एकटेच मूनीकडे गेले. तिथे सुमारे ६० मीटरचा कडा उतरायचा असतो, खडकातल्या बोगद्यांतून, साखळ्या धरून, तुषारांनी ओल्या झालेल्या लाकडी शिड्यांवरून. वर आभाळाची निळीशार पट्टी. पावसाचा थेंब नाही. तासाभरानं मुलगी म्हणाली, आई, पाण्यात कचरा येतोय. काटक्या, पानं, मग झाडाची एक फांदी, आणि बघता बघता निळं पाणी चहासारखं झालं.

गावातला एक रेंजर धावत आला. सामान सोडा, वर चढा, एवढंच ओरडत तो तंबूतंबूपाशी थांबत पुढे गेला. आम्ही बाजूच्या कड्याच्या कपारीत चढलो. खाली लाकडी बाकं बुडाली, मग तंबू दिसेनासे झाले. आवाज पाण्याचा कमी, आतून घरंगळणाऱ्या दगडांचा जास्त. ह्यांनी मूनीच्या दिशेनं निघायचं म्हटलं आणि मी त्यांचं मनगट धरलं ते सोडलं नाही. धाकट्या भावासाठी निघालेल्या माणसाला मी अडवत होते, आणि अंधार पडेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. फोनला रेंज नाही. साताऱ्याला सासूबाईंना काय सांगायचं, याची वाक्यं मी रात्रभर मनात जुळवत होते. जुळवत होते, हे ह्यांनाही आजवर सांगितलेलं नाही.

भावोजी सकाळी आले. लोंढा आला तेव्हा ते परतीच्या चढावर, बोगद्याच्या तोंडाशी होते. तिथेच चार अनोळखी माणसांबरोबर रात्र काढली होती. साखळीनं तळहात सोलले होते. मला बघून हसले आणि म्हणाले, "वहिनी, वर कुठेतरी धरण सोडलं असणार." मी त्यांना अहो-जाहो करते. त्या सकाळी एकेरीवर आले, सगळ्यांसमोर.

धरण कुणी सोडलं नव्हतं. वरच्या विल्यम्स गावाच्या बाजूचं हजारो चौरस किलोमीटरचं पठार या एका ओढ्याला मिळतं. तिकडे कुठेतरी ढग फुटतो, तापलेली टणक जमीन पाणी पिऊन घेत नाही, आणि कित्येक किलोमीटर खाली उन्हात बसलेल्या माणसाला ते अरुंद घळीत गाठतं. आपल्याकडे पाऊस निदान डोक्यावर पडत असतो. तरीही ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुपाईत शंभरावर लोकांना नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरनी बाहेर काढलं, आणि एक बाई वाहून गेली; तिचा मृतदेह काही दिवसांनी कोलोरॅडो नदीत मिळाला.

त्या रात्रीतलं आणखी एक, भावोजींच्या किश्श्यात नसलेलं. तो रेंजर पहाटेपर्यंत आमच्याजवळ होता. लोकांना मोजत होता, लहान मुलांना पांघरुणं देत होता. त्याचं घर गावात, म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला. लोंढा आधी तिथूनच आला होता.

म्हणून "जाण्यात अर्थ आहे का" हा प्रश्न मला टोचतो. १८८२ मध्ये हवासुपाई लोकांना ५१८ एकरांत कोंडलं गेलं, आणि १९७५ मध्ये सुमारे १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली. गावाला आजही रस्ता नाही, टपाल खेचरांवरून येतं. मार्च २०२० पासून त्यांनी पर्यटकांना बंदी केली, ती उठायच्या आत ऑक्टोबर २०२२ चा पूर आला. दारं उघडली फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्यांची कमाई आपल्यासारख्यांच्या परमिटवर चालते. म्हणजे जायला हवं, असं मी ह्यांना सांगते. मग तोच रेंजर आठवतो. आपण तिथे नसतो तर तो त्या रात्री घरी गेला असता. दोन्ही खरं आहे आणि मला ते एकत्र बसवता येत नाही.

बाकी जे विचारता ते थोडक्यात. परमिटशिवाय आणि एका दिवसात जाऊन यायला परवानगी नाही. मुक्काम तीन रात्रींचा. रूट ६६ हा महामार्ग सोडल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी, पेट्रोल आणि पाणी आधीच भरून घ्या. गाडीरस्ता संपतो त्या वालापाई हिलटॉपपासून गाव पायी १३ किलोमीटर, कॅम्प त्याच्या पुढे तीन. आपली पिशवी आपल्या पाठीवर घ्या, खेचरावर नको. परतीचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं काढू नका. पूर्वी मी ऑक्टोबर बिनधास्त सांगायचे, २०२२ नंतर तेही सांगवत नाही. एप्रिल-मे बरा, पण मे अखेरीस चढावरचं ऊन जीव घेतं.

आम्ही स्वतः पुढच्या मेसाठी प्रयत्न करतोय. भावोजींनी परवा फोनवर विचारलं, "वहिनी, माझंही नाव घालताय ना?" ह्यांचं म्हणणं घालावं. मी अजून घातलेलं नाही.