बाबांसोबत मोंतेफिओराल्लेला

मागच्या नोव्हेंबरात आम्ही इटलीला जाऊन आलो, मी आणि बाबा. धाकटा भाऊ फ्लॉरेन्सला पीएचडी करतो, तीन वर्षं झाली, आणि दर दिवाळीला फोनवर त्याचं एकच पालुपद, की एकदा इकडे या. बाबा दरवेळी बहार, ओलित, मजूर असं काहीतरी पुढे करायचे. मागच्या वर्षी संत्र्याचा आंबिया बहाराचा बाग ऑक्टोबरातच व्यापाऱ्याला देऊन टाकला, काका म्हणाले बाकीचं मी पाहतो, मग नाही म्हणायला कारणच उरलं नाही. व्हिसाबिसाचं लिहीत नाही, त्यावर पुष्कळ जणांनी लिहिलंय.

फ्लॉरेन्स सुंदर आहे, पण गर्दीत बाबांचा जीव रमेना. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "इथं शेती कुठं असते? ते दाखव." मग भावाने आम्हाला बसमध्ये बसवलं, दक्षिणेला कियांती नावाचा टापू आहे तिकडे, द्राक्षाचा आणि ऑलिवचा. तासाभरात ग्रेवे नावाचं बाजाराचं गाव येतं, तिथला चौक चक्क त्रिकोणी आहे, बाजूने दुकानांवर कमानी, मधे वेराझ्झानोचा पुतळा, हा 1524 मध्ये न्यूयॉर्कच्या खाडीत पोचलेला दर्यावर्दी. तिथून वर टेकडीवर दगडी घरांचा एक पुंजका दिसतो, ते मोंतेफिओराल्ले. पायी अर्धा तास, चढ बराच खडा.

त्या चढाला आम्हाला दीड तास लागला, कारण बाबा दर दहा पावलांवर थांबत होते. आधी बांधांपाशी. टेकडीच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी वावरं पाडलेली आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध. "पाह्य, सिमेंट नाई, चुना नाई, नुसता गोट्यावर गोटा." मग माती हातात घेतली, तिथे त्या मातीला गालेस्त्रो म्हणतात, पापुद्र्यापापुद्र्याचा मऊ दगड, मुठीत दाबला की चुरा होतो. बाबांनी चुरा केला, वास घेतला आणि म्हणाले, "हा त मुरूम हाये. असं वावर असलेल्या घरी आपल्या इकडं कोणी पोरगी देत नाई." भावाने सांगितलं की बाबा, ह्याच मुरमातलं द्राक्ष जगात नावाजलेलं आहे. सांजोवेझे नावाची जात, कियांती क्लासिको म्हणून वाइन विकायची तर त्यात कमीत कमी 80 टक्के तीच लागते.

द्राक्षाची तोड होऊन गेली होती, वेलींवर पिवळी-लाल पानं तेवढी राहिली होती. बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे, वाइन चाखायचा प्रश्नच नव्हता, पण वेलीच्या बुडाशी उकिडवे बसले आणि कलमाचा जोड बरोबर शोधून काढला. मग भावाने ती गोष्ट सांगितली, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून फायलॉक्सेरा नावाची बारीक कीड आली, मुळं खाणारी, तिने युरोपभरच्या द्राक्षबागा खलास केल्या, आणि शेवटी उपाय सापडला तो असा की खाली मूळ अमेरिकेतल्या वेलीचं ठेवायचं, त्याला ती कीड फारसं काही करत नाही, आणि वर कलम आपल्या जातीचं बांधायचं. बाबांचा चेहरा असा खुलला! "मंग हे जंभेरीवरच्या संत्र्यासारखंच झालं न!" आमच्या वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा डोळा जंभेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर बांधतात, बाबांनी उमेदीत हजारो डोळे बांधलेत. त्या क्षणापासून ते तिथे पाहुणे राहिले नाहीत.

कियांती क्लासिकोच्या बाटल्यांवर काळ्या कोंबड्याचं चित्र असतं त्याचीही गोष्ट आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना ह्या दोन शहरांत हद्दीचं भांडण होतं, तेव्हा ठरलं म्हणे की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल आणि जिथे दोघं भेटतील तिथे हद्द. सिएनावाल्यांनी पांढऱ्या कोंबड्याला पोटभर चारलं, फ्लॉरेन्सवाल्यांनी काळ्याला उपाशी ठेवलं, तो भुकेने पहाटेच्या कितीतरी आधी आरवला आणि बहुतेक सगळं कियांती फ्लॉरेन्सकडे गेलं. ही झाली दंतकथा. पण 1716 मध्ये तिथल्या राजाने, तिसरा कोझिमो त्याचं नाव, फर्मान काढून कियांतीच्या वाइनची हद्द आखून दिली हा इतिहास आहे. आणि 1924 मध्ये तिथल्या उत्पादकांनी एकत्र येऊन संघ काढला आणि तोच कोंबडा आपलं चिन्ह केला. आपल्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2014 मध्ये. आणि अजून आमचा किती माल उघड्या ट्रकमध्ये बांगलादेशकडे जातो, त्यांनी आयात शुल्क वाढवलं की इकडे भाव बसतो, कोणत्या पेटीवर कोणतं चिन्ह ते विचारूच नका. बाबा त्या कोंबड्याकडे बराच वेळ पाहत होते.

गाव म्हणाल तर एवढंसं. मध्ययुगातला किल्लाच तो, तटाला लागून घरं आणि घरांच्या मधून गोल फिरणारी एकच दगडी गल्ली, वर सांतो स्तेफानोचं चर्च. गल्लीत गाडी येत नाही. दारांपाशी कुंड्या, लाकडं रचून ठेवलेली, धुराड्यातून जळत्या लाकडाचा वास. एका दाराच्या वर दगडात गांधीलमाशी कोरलेली आहे, म्हणतात की ते अमेरिगो वेस्पुचीच्या घराण्याचं घर, ज्याच्या नावावरून 1507 च्या नकाशात अमेरिका हे नाव पडलं. इटालियनमध्ये गांधीलमाशीला वेस्पा म्हणतात, स्कूटरचंही नाव त्यावरूनच, आणि बजाजने सुरुवातीला वेस्पाच्याच परवान्यावर स्कूटर बनवल्या होत्या हे बाबांना माहीत होतं, मला नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त जाणवली ती शांतता. मांजर दगडावरून उडी मारून गेलं तरी ऐकू यावं इतकी. मी हरखून गेले होते, फोटो काढत होते, आणि बाबा मात्र वर खिडक्यांकडे पाहत होते. लाकडी झडपा बंद. ह्या घराच्या बंद, त्या घराच्या बंद. "लोकं कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

तेव्हा भावाने मेझ्झाद्रियाबद्दल सांगितलं. मेझ्झो म्हणजे अर्धा. जमीन मालकाची, घरही मालकाचं, कुळाचं अख्खं कुटुंब त्यात राबायचं आणि अर्धं पीक मालकाला द्यायचं. शेकडो वर्षं तस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या ह्या प्रांतात, हेच चाललं. बाबांना समजवायची गरजच नव्हती, आमच्याकडे बटई आहे, मक्ता आहे, सालदार आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या कुळांची पोरं फ्लॉरेन्सच्या, प्रातोच्या कारखान्यांत गेली, 1964 च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार करायलाच बंदी आली, आणि टेकड्यांवरची घरंच्या घरं रिकामी झाली. पुढे बाहेरच्यांनी ती विकत घेतली, सुट्टीत येऊन राहायला. 1985 मध्ये आणखी एक कायदा झाला, शेतकऱ्याने आपल्याच शेतघरात पाहुणे ठेवावेत म्हणून, त्यावर बरीच शेतं तगली. म्हणजे मी ज्या शांततेचे फोटो काढत होते ती काही फार जुनी नव्हती, माणसं निघून गेली त्यानंतरची होती. हे कळल्यावर मी फोन पर्समध्ये ठेवून दिला.

कारण ही शांतता मला ओळखीची आहे. आमच्या गावात पांढरीच्या उंचवट्यावर जुनी गढी आहे, एक बुरूज अर्धा उभा, बाकी मातीचा ढीग. लहानपणी दिवाळीच्या आधी आजीसोबत तिथून पांढरी माती आणायचो घर पोतारायला, सगळं गाव आणायचं, अशी आणून आणूनच गढी अर्धी संपली. खाली जी आळी आहे तिथली निम्मी दारं आता कुलपात, पोरं नागपूर, पुणे, सुरत. आमच्या दारातून एक पोरगा फ्लॉरेन्सला.

गावाच्या खाली उतरताना ऑलिवची बाग लागली. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आणि त्यांची बायको झाडाखाली जाळी पसरून हातातल्या कंगव्याने फळं ओरबाडत होते, टपटप पडत होती, काही हिरवी, काही जांभळी. बाबा कोणाला न विचारता जाळीचं दुसरं टोक धरून उभे. भावाने ओळख करून दिली, की हे पण फळबागवालेच, संत्र्याचे. मग काय, दीड तास दोघं बोलत होते, मधे भाऊ दुभाष्या. पाणी किती देता? पाणी देतच नाही, पावसावर. 100 किलो फळाला तेल किती? साधारण 12 ते 15 लिटर, आणि तोडल्यावर एक-दोन दिवसांतच घाण्यावर न्यावं लागतं. बाबांनी एक फळ तोंडात टाकलं, कडू जहर, थुंकता येईना आणि गिळता येईना, आजोबांनी पाठीवर थोपटलं.

मग बाबांनी ते विचारलं जे त्यांच्या डोक्यात केव्हापासून घोळत होतं. "ह्याले इचार, एकाच बुडातून तीन तीन खोडं कावून?" खरंच, बहुतेक झाडं तशीच होती, मनगटाएवढी-मांडीएवढी तीन-चार खोडं गोलात उभी आणि मधे पोकळी. आजोबांनी हातातलं काम थांबवलं. जानेवारी 1985. फ्लॉरेन्सच्या आसपास तापमान उणे 20 च्याही खाली गेलं होतं, तस्कनीतल्या जुन्या ऑलिव झाडांतली बहुतेक वरून मेली. ह्यांनी स्वतःच्या हाताने करवतीने बुडापासून कापली, वडिलांनी लावलेली सगळी. मग कापलेल्या बुंध्याच्या कडेने धुमारे फुटले, त्यातले तीन-चार ठेवले. तीच ही झाडं.

बाबा काही बोलले नाहीत. 2019 च्या उन्हाळ्यात आमची 140 झाडं वाळली. बोअर 900 फुटांवर जाऊन कोरडा, टँकरने काही दिवस जगवली, मग सोडली. तोडताना मी तिथे होते. त्या वावरात तेव्हापासून तूरच असते. बऱ्याच वेळाने भावाकडे न पाहता म्हणाले, "आपल्या संत्र्याचं तसं नाई होत. खालून फुटलं त जंभेरीच फुटते." आणि मग, "इचार, यांचे पोट्टे करते का शेती?"

भाऊ एकदम गप्प झाला. विचारायला त्याला थोडा वेळ लागला. आजोबा म्हणाले, मुलगा शहरात असतो, नोव्हेंबरात शनिवार-रविवार येतो तोडायला. भावाने ते मराठीत सांगितलं, खाली पाहत, जाळी नीट करत.

आजीने मग शेकोटीवर ब्रेड भाजला, त्यावर लसूण घासला आणि ताजं हिरवं तेल ओतलं, घशात मिरीसारखं लागतं. तिकडच्या ब्रेडमध्ये मीठ नसतं. बाबा म्हणाले, भाकरीसारखंच. निघताना एक छोटी बाटली दिली. परत येताना अंधार पडला, बसस्टॉपवरून बाबांनी टेकडीवरचे दिवे मोजले, अकरा.

ती बाटली आता दोन बोटं उरलीय, बाबा ज्वारीच्या भाकरीवर जवसाच्या चटणीसोबत घेतात, पाहुण्यांना देत नाहीत. मागच्या आठवड्यात ते शेंदूरजना घाटला नर्सरीत कलमं पाहून आले, 60 सांगून ठेवलीत, त्याच वाळलेल्या वावरात लावायला, पाऊस जमला की. मी फोनवर भावाला सांगितलं तर आधी काहीच बोलला नाही. रात्री त्याचा मेसेज आला, खड्डे 18 बाय 18 वर घेणार का, आणि लावणी जुलैच्या कोणत्या आठवड्यात, तिकिटं आत्ता स्वस्त आहेत.