लुगांगच्या गल्लीतलं चार खोल्यांचं घर : आमची वाटचाल

२०१५ साली मी पहिल्यांदा लुगांगला, तायवानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या जुन्या गावाला, आले ती दोन तासांसाठी. नवऱ्याची नोकरी तायचुंगमधल्या मशीन टूलच्या कारखान्यात, भारतातून आलेले आई-बाबा आणि सुट्टीचा रविवार. मंदिर पाहिलं, जुन्या रस्त्यावर फोटो काढले आणि बसथांब्याकडे निघालो. वाटेत बाबा एका दुकानाच्या दारात थबकले. आत एक आजोबा बांबूच्या काड्यांची जुडी पाण्यात बुडवत, पंख्यासारखी उघडत आणि सुगंधी भुकटीत घोळवून झटकत. पुन्हा पाणी, पुन्हा भुकटी. "आपल्याकडे उदबत्ती वळतात, हे तर झटकतात," असं म्हणत बाबा तिथेच उभे राहिले. बस गेली. पुढची येईपर्यंत त्या आजोबांनी आम्हाला चहा पाजला. मला तेव्हा जेमतेम चिनी येत होतं आणि ते बोलत होते तायवानी बोली, पण संध्याकाळ छान गेली.

आमचा व्यवसाय त्या चुकलेल्या बसमधून सुरू झाला. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लुगांगच्याच एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत तिच्या आजोळचं बंद पडलेलं घर दुरुस्त करून आम्ही मिन्सू सुरू केलं. मिन्सू म्हणजे इथलं घरगुती राहण्याचं ठिकाण. मी तिला ताई म्हणते. ती वयाने मोठी आहे आणि घराचा परवानाही तिच्या नावावर आहे. पाहुण्यांना गाव दाखवायचं काम माझं.

घर दाराकडून पाहिलं तर एका दुकानाएवढं रुंद, आत मात्र चौकामागे चौक लागत जातात. वरच्या मजल्याच्या फरशीत मधोमध एक चौकोनी भोक आहे, भोवती लाकडी कठडा. आमच्या सुताराने ते बुजवून आणखी एक खोली काढू या असं सुचवलं होतं. ताईने ठाम नकार दिला. खालच्या दुकानातला माल दोराने वर ओढून घ्यायची ती जागा. गाव कशावर जगलं हे त्या एका भोकातून कळतं.

लुगांग म्हणजे हरणांचं बंदर. सतराव्या शतकात, डचांच्या काळात, या किनाऱ्यावरून हरणांची कातडी जात. पण खरी भरभराट पुढची. चीनच्या छिंग राजवटीने सुरुवातीला तायवानशी व्यापार आजच्या तैनानमधूनच होऊ दिला. १७८४ मध्ये लुगांगलाही समोरच्या, चीनच्या फुच्येन किनाऱ्यावरच्या छ्वेनचौशी थेट व्यापाराची परवानगी मिळाली. तांदूळ तिकडे जायचा, तिकडून कापड, लाकूड, दगड, औषधं यायची. व्यापाऱ्यांचे आठ संघ होते. 'पहिलं फू, दुसरं लू, तिसरं मंगका' ही म्हण त्याच काळातली. फू म्हणजे तैनान, लू म्हणजे आमचं गाव आणि मंगका म्हणजे आजच्या तायपेचा जुना भाग.

मग बंदर गाळाने भरलं. जहाजं दुसरीकडे वळली. जपानी अमदानीत १९०८ मध्ये पूर्ण झालेली लोहमार्गाची मुख्य लाइन चांगह्वा शहरातून गेली, लुगांग बाजूला राहिलं. आजही गावात रेल्वे स्टेशन नाही. पाहुणे पहिल्या दिवशी हमखास विचारतात, "बंदर कुठाय?" समुद्र आता गावापासून दूर सरकलाय. जिथे गलबतं लागायची तिथल्या याओलिन आणि पुथौ रस्त्यांच्या लाल फरशांवर मी त्यांना उभं करते. मागे एकदा चौलच्या एक बाई आल्या होत्या. गाळाचं ऐकून त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

२०१८ मध्ये आमच्याकडून मोठी चूक झाली. कर्जाचे हप्ते सुरू होते, म्हणून एका मोठ्या एजंटाकडून चाळीस जणांचा ग्रुप घेतला. वेळ दोन तास. इथे एक गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून कोणी आलं तर एकाला मागे सरावंच लागतं. सज्जनांची गल्ली असंही तिचं नाव आहे. त्यात चाळीस माणसं अडकली. गल्लीतल्या एका आजीला स्वतःच्या दारातून बाहेर पडता येईना. एजंटाने नंतर ठरलेले पैसेही पूर्ण दिले नाहीत, पण मला झोप लागली नाही ती त्या आजीमुळे. दुसऱ्या दिवशी ताई आणि मी केक घेऊन माफी मागायला गेलो. त्याच आठवड्यात ठरवलं, एका वेळी आठच माणसं आणि किमान एक रात्र मुक्काम. हा नियम आजवर मोडलेला नाही.

मुक्कामाचं गणित सरळ आहे. दुपारच्या गर्दीत लोंगशान मंदिर बघणं आणि सकाळी बघणं यात फार अंतर आहे. करुणेची देवी ग्वानयिन, तिचं हे मंदिर १७८६ मध्ये सध्याच्या जागी आलं. नाट्यमंचावरचं अष्टकोनी छत एकात एक गुंफलेल्या लाकडी कंसांचं आहे, वर वर निमुळतं होत गेलेलं. सकाळी खाली मान वर करून पडून राहिलं तरी कुणी हटकत नाही. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात मंदिराचं मोठं नुकसान झालं होतं आणि दुरुस्तीला कितीतरी वर्षं लागली. ताईला तो काळ आठवतो. ती आजही आत शिरताना आधी खांबांकडे बघते.

मात्सूचं त्येनहौ मंदिर मात्र गर्दीतच बघावं. सागराची ही देवी. तिची मूर्ती १६८३ मध्ये सेनापती शी लांगबरोबर तिच्या मूळ गावाहून, मेइचौहून, आली असं इथे सांगतात. धुपाच्या धुराने तिचा चेहरा काळा झालाय. पालख्या, ढोल, फटाके, वाटेत पाणी वाटणारे लोक बघून आपल्या माणसांना काही परकं वाटतच नाही.

कू घराण्याच्या १९१९ मधल्या वाड्यातलं लोककला संग्रहालय, कंदील रंगवणारे, कथलाच्या वस्तू घडवणारे, हे सगळं आम्ही दाखवतो. पण एका गोष्टीला नाही म्हणतो. कुणी गळफास घेऊन जीव दिला तर या किनारपट्टीत रात्री मिरवणूक काढून तो दोर समुद्राकाठी नेऊन जाळतात. वाटेवरची घरं दारं लावून घेतात. हल्ली काही जण हे बघायला मिळेल का म्हणून विचारतात. त्या रात्री आमचंही दार बंद असतं. ते कुणाचं तरी दुःख आहे.

जेवणाचा प्रश्न सुरुवातीला अवघड गेला. गाव कालवांसाठी आणि चिखलातल्या झिंग्यांसाठी प्रसिद्ध, आणि पाहुण्यांतले निम्मे शाकाहारी. मग कळलं की बौद्धांमुळे तायवानात शाकाहारी खानावळींना तोटा नाही आणि त्यांच्या पाट्यांवर बऱ्याचदा चक्क स्वस्तिक असतं. पाहुण्यांना मी एकच चिनी शब्द पाठ करायला लावते, 'सू', म्हणजे शाकाहारी. तरी अंडं चालत नाही हे वेगळं सांगावं लागतंच.

मार्च २०२० मध्ये तायवानने परदेशी प्रवाशांना दार बंद केलं, ते ऑक्टोबर २०२२ पर्यंत. आम्हाला वाचवलं तायपेहून येणाऱ्या तायवानी कुटुंबांनी. त्यांच्या आजी-आजोबांचं लुगांग त्यांनी कधी नीट पाहिलेलं नव्हतं. त्यांना गाव दाखवताना माझी भाषा सुधारली, आणि उदबत्तीवाल्या आजोबांचं बोलणं मला अखेर समजू लागलं. पहिल्या दिवशी ते बाबांना काय सांगत होते तेही विचारलं. "काड्या अशा झटकू नका, भुकटी डोळ्यांत जाईल," म्हणाले.

कधी यावं असं विचारलंत तर बहुतेक जण मात्सूच्या जयंतीला या म्हणतील. मी म्हणेन, ऑक्टोबरनंतर या. तेव्हा समुद्रावरून वाळू उडवणारा जोराचा वारा सुटतो, मोठ्या रस्त्यावर छत्री उलटते. नऊ वळणांची गल्ली मुद्दाम वाकडी बांधलीय ती त्याच्यासाठी. तिथलं हिवाळी ऊन गावाच्या जुन्या प्रेक्षणीय गोष्टींत मोजतात. दुपारी तीनच्या सुमारास भिंतीला टेकून उभं राहिलं की वारा अंगाला लागत नाही. कौलांवरून जाताना फक्त ऐकू येतो.