1936 च्या तबकडीवर आलेला कॉपीराइट क्लेम : माझा अनुभव

जुन्या लाखेच्या तबकड्या डिजिटाइझ करून व्हिडिओ प्लॅटफॉर्मवर टाकायचा मला नाद आहे, त्यातून पैसे वगैरे काही मिळत नाहीत, पण गाणी जपली जातात आणि चार लोक ऐकतात. तर 1936 ची एक तबकडी टाकली आणि लगेच कॉपीराइट क्लेम, म्हणजे 'हे रेकॉर्डिंग आमचं आहे' असा दावा. क्लेम करणारी कंपनी मूळ तबकडी काढणारी नाहीच, त्यांनी हेच रेकॉर्डिंग साफसूफ करून कधीतरी एका कलेक्शनमध्ये घातलंय आणि ते कलेक्शन प्लॅटफॉर्मच्या मशीनकडे रेफरन्स म्हणून दिलंय. मशीनला आवाज जुळला एवढंच कळतं, साल थोडीच कळतंय.

आपला नियम तसा सरळ आहे. साउंड रेकॉर्डिंगला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं (आधी 50 होती, 1992 ला वाढवली), आणि 1936 च्या रेकॉर्डिंगची जुनी 50 वर्षं त्या वाढीच्या आधीच भरली, म्हणजे 1986 संपलं तेव्हाच हे हक्कातून मोकळं झालं. पण एका गाण्यात हक्क तीन असतात, रेकॉर्डिंगचा वेगळा, शब्दांचा वेगळा, चालीचा वेगळा, आणि शब्द नि चाल यांची 60 वर्षं कवी आणि संगीतकार गेल्यानंतर मोजायची. आता तबकडीच्या लेबलवर साल छापलेलंच नसतं हो! नुसता नंबर असतो. तो नंबर कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमध्ये शोधायचा, मग कवी कधी वारले ते शोधायचं, आणि जुन्या गाण्यांच्या बाबतीत कवीचं नावच नसतं कित्येकदा. माझ्या नशिबाने इथे दोन्ही नावं होती आणि दोघंही जाऊन 60 वर्षांच्या वर झाली होती. खरं काम म्हणाल तर हेच, फॉर्म भरणं नंतर पाच मिनिटांचं.

क्लेमला हरकत घ्यायच्या, म्हणजे डिस्प्यूटच्या फॉर्ममध्ये 'पब्लिक डोमेन' (हक्क संपलेलं, सगळ्यांना खुलं) निवडलं, कॅटलॉग नंबर, साल, दोघांच्या मृत्यूची वर्षं सगळं लिहिलं. त्यावर उत्तर द्यायला समोरच्याला 30 दिवस, आणि उत्तर देणार कोण, तर ज्याने क्लेम केलाय तोच! आरोपही त्याचा आणि निकालही त्याचाच. मुदत संपता संपता एका ओळीत उत्तर आलं, क्लेम कायम. कारण काही नाही.

मग मी कायदा वाचायला घेतला. 2012 च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 52(1)(सी) आलं, त्यात असं आहे की हक्कदाराने लेखी तक्रार केली की प्लॅटफॉर्मने मजकूर 21 दिवस बंद ठेवायचा, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही तर परत चालू करता येतो. वाचून बरं वाटलं, पण माझ्या कामाचं काहीच नव्हतं, कारण मशीनचा क्लेम म्हणजे कायद्यातली तक्रारच नव्हे, तो प्लॅटफॉर्म आणि कंपन्यांचा आपसातला मामला. ते 21 दिवस सुरूच होत नाहीत. युरोपियन युनियनने 2019 च्या कॉपीराइट डायरेक्टिव्हमध्ये (सदस्य देशांना बांधील नियम), कलम 17 मध्ये, प्लॅटफॉर्मलाच थेट जबाबदार धरलं, त्यावरून मजकूर आपोआप अडवणारे फिल्टर वाढणार म्हणून केवढी ओरड झाली होती, पण त्याच कलमात हेही आहे की वाद झाला तर काढण्याचा निर्णय माणसाने तपासायचा. आपल्या कायद्यात ही एक ओळ असती तरी माझं काम झालं असतं असं मला वाटतं.

पुढची पायरी अपील. इथे बहुतेक लोक घाबरून सोडून देतात, कारण अपील केलं की समोरचा एकतर क्लेम सोडतो नाहीतर रीतसर टेकडाउन (व्हिडिओ काढून टाका अशी कायदेशीर मागणी) पाठवतो आणि चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे ठपका येतो, तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल गेलं. त्यावर उपाय काउंटर नोटीस, म्हणजे 'व्हिडिओ चुकीने काढलाय' असं कळवणारी उलट नोटीस, ती अमेरिकेच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे, म्हणजे स्वतःचं नाव पत्ता समोरच्याला द्यायचा, तिकडच्या कोर्टाचा अधिकार मान्य करायचा, आणि दावा झाला नाही तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत व्हिडिओ परत. एका जुन्या गाण्यासाठी अमेरिकेचं कोर्ट! तरी केलं अपील, कॅटलॉगच्या पानाची लिंक टाकली, भाषा कोरडी ठेवली, एकही टोमणा नाही (मोह खूप होत होता).

क्लेम सोडला त्यांनी, पण अमेरिका सोडून. आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे, तिकडे 2018 च्या दुरुस्तीनंतर 1923 च्या आधीची रेकॉर्डिंग 2022 ला मोकळी झाली, 1936 ची व्हायला अजून बराच वेळ आहे. त्यामुळे व्हिडिओ इथे दिसतो, तिकडे ब्लॉक. 'दिसत नाही' म्हणून तिकडून विचारणा होते त्यांच्यासाठी कारण डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवलंय, सोबत तबकडीचा नंबर आणि साल पण, आता प्रत्येक व्हिडिओला तसं लिहितो. दुसऱ्या एका तबकडीचा क्लेम मात्र तसाच राहू दिलाय, रेकॉर्डिंग मोकळं झालंय पण कवींना जाऊन अजून 60 वर्षं झालेली नाहीत.